पोटात कोणी नाही

"फ्रिजमध्ये ठेवा हं, नाहीतर मरतील," औषधवाला म्हणाला, डबी कागदी पिशवीत टाकली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. एवढंच झालं. काउंटरवर लोक खोकत होते, कोणीतरी भेगांचं मलम मागत होतं, बाहेर बस येत होत्या, जात होत्या. आणि माझ्या शेजारी उभा असलेला दादा, माझा थोरला भाऊ, ज्यानं दवाखान्यातून निघाल्यापासून चकार शब्द काढला नव्हता, तो एकदम पुढे वाकून म्हणाला, "कोण मरतील?" औषधवाल्याला वाटलं, गंमत चाललीय. तो हसला. "अहो, जिवंत जंतू असतात ह्यात. चांगले जंतू. कोट्यवधी. उष्णता सोसत नाही त्यांना." दादानं माझ्या हातातली पिशवी काढून घेतली. बावन्न वर्षांचा पोट सुटलेला माणूस, पण पिशवी अशी छातीशी धरली की पुढची बाई बाजूला झाली. बसमध्ये उन्हाकडची जागा मिळाली तर तो उठून उभा राहिला. मी म्हटलं, बस रे, पडशील. तो म्हणाला, "ह्यांना ऊन लागतं." मला मळमळायला लागलं. शिसारी नक्की कशाची आली ते सांगता येणार नाही. त्या डबीत वळवळत असलेल्यांची आली, औषधवाल्याच्या हसण्याची आली, आणि दादाच्या तोंडावर जो उजेड पडला होता त्याची सगळ्यांत जास्त आली.

दादाच्या पोटात एक भाडेकरू आहे. म्हणजे आहे असं दादा म्हणतो आणि नाही असं आम्ही म्हणतो, आणि हे त्याच्या चोविसाव्या वर्षापासून चालू आहे. तेव्हा तो एका बांधकाम कचेरीत नकाशे काढायचा. हात इतका स्वच्छ की साहेब त्याची रेघ बाहेरच्या माणसांना बोलावून दाखवायचे. एक दिवस जेवता जेवता, मीठ मागावं तशा आवाजात तो म्हणाला, "आई, माझ्या पोटात कोणीतरी राहायला आलंय." आई म्हणाली, जंत असतील, औषध आणू. मी तर पोट धरून हसले. मग हळूहळू कळलं की आलेला बोलतो. कचेरीत जाऊ नकोस म्हणतो, नळाचं पाणी नासलंय म्हणतो, शेजारीण दाराला कान लावून उभी आहे म्हणतो. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, स्किझोफ्रेनिया. ते आईनं एकदा ऐकलं आणि मरेपर्यंत उच्चारलं नाही. घरात आम्ही 'दादाचं' म्हणायचो. दादाचं वाढलंय. दादाचं जरा बरं आहे. जुने डॉक्टर म्हणाले होते, त्याच्याशी भांडू नका, पण हो ला हो पण करू नका. शांतपणे सांगा की असं काही नाही. म्हणून आई शांतपणे सांगायची, "पोटात कोणी नाही, बाळा." दुसऱ्या घरांत जाता-येता दिवे बंद करा म्हणतात, तसं आमच्याकडे हे वाक्य होतं. आई गेल्यावर मी ते म्हणायला लागले, फक्त 'बाळा' गाळून. तो "बरं" म्हणायचा. त्याचं ते 'बरं' मला कधी सहन झालं नाही. आपल्याला समजत नाही म्हणून कोणी आपल्यावर दया करावी, तसं ते असायचं.

मला किळस लवकर येते. लहानपणापासूनच. आई म्हणायची, ही नाकानं कांदे सोलते. दादा मला नकटे म्हणायचा, अजूनही म्हणतो. आणि लग्न जमेना तेव्हा आई 'नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं' म्हणून कपाळाला हात लावायची. खरं विघ्न एकच होतं. मुलगा बघायला आला की मला आधी त्याच्या कानांतले केस दिसायचे. आणि अशा बाईला काम काय मिळावं, तर एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत मळलेल्या चादरी निवडायचं. तळघरात लांबलचक टेबल आहे, डोक्यावर पांढरे दिवे आहेत, आणि वरच्या मजल्यांवरून पत्र्याच्या नळकांड्यातून गाठोडी धप्पदिशी येऊन पडतात. मी ती सोडते. रक्त थंड पाण्याकडे, तेलकट गरम पाण्याकडे, ओकलेलं वेगळ्या पिंपात, फाटकं बाजूला. माणूस किती गळतो ते मला विचारा. वर अत्तर फवारून लिफ्टमधून उतरणारी माणसं असतात ना, त्यांच्या उशा मी पाहिलेल्या असतात. त्यांच्या टाचांची भुकटी, त्यांच्या केसांचं चिकट तेल, त्यांनी घाईघाईनं उलटी करून लपवलेली चादर. घरी यावं तर दादाचा अभ्रा. त्याच्या गोळीनं झोपेत लाळ गळते. सकाळी उशी ओलीगच्च, मध्ये पिवळट, कडेला पांढरी, आणि तो आंबूस वास. मी तो अभ्रा चिमटीत धरते, हात लांब करून मशीनपर्यंत नेते. दादा खिडकीतल्या खुर्चीतून बघत असतो.

मी प्रेमळ नाही. आई होती, आणि आईच्या प्रेमानं काय केलं तेही मी पाहिलं. दादा गोळ्या घेईना तेव्हा ती त्या कुटून दह्यात घालायला लागली. पुष्कळ घरांत घालतात. डॉक्टरांनीही काणाडोळा केला. एक दिवस त्याच्या दाताखाली कचकचलं. त्यानं घास तोंडात तसाच धरून आईकडे पाहिलं, मग बोट घालून तो बाहेर काढला आणि ताटाच्या कडेला ठेवला. त्या दिवसापासून जवळजवळ वर्षभर तो फक्त सालीचं आणि कवचाचं खात होता. केळी, संत्री, उकडलेली अंडी, तीही स्वतः सोलून, उजेडात धरून. आईनं शपथा घेतल्या, त्याच्यासमोर त्याच भांड्यातलं स्वतः खाऊन दाखवलं. उपयोग शून्य. हाडांचा सापळा झाला तेव्हा इस्पितळात नेऊन, चौघांनी हातपाय धरून, नाकात नळी घालून त्याला भरवलं. त्या वेळचा त्याचा आवाज मला अजून आठवतो आणि आठवला की तोंडात आंबट पाणी येतं. म्हणून मी एक गोष्ट पाळली. त्याला न सांगता मी त्याच्या तोंडात काही जाऊ दिलेलं नाही. "ही गोळी आहे, हिनं लाळ सुटते, हिनं तू जाड होशील, घे." तो घेतो, पाणी पितो, जीभ वर करून दाखवतो. सगळ्या गोळ्या करून झाल्यावर सापडलेली ही एकच गोळी, आणि हिच्यावर गेली अकरा वर्षं तो माणसांत आहे. स्वतः आंघोळ करतो. खिडकीत बसून समोरच्या इमारतींचे नकाशे काढतो. भाडेकरू गेलेला नाही, पण दार लावून आत बसलेला असतो, क्वचित खाकरतो. ही गोळी गेली की दादा गेला. दुसरी गोळी नाही.

आणि ह्या गोळीचा ओंगळपणा असा की ती आतडी आळशी करते. गेल्या थंडीत दादाचं पोट बंद झालं. तो बोलला नाही. आमच्या घरी पोटाबद्दल काही बोललं की काय उत्तर येतं ते त्याला पाठ होतं. पोट नगाऱ्यासारखं ताणलं, मग तो हिरवं ओकला, मग त्या ओकारीला असा वास यायला लागला जो तोंडातून यायला नको. इस्पितळात पडद्याआड त्यांनी त्याला कुशीवर वळवलं, आणि मी बादली धरून उभी होते, कारण त्या वेळी दुसरं कोणी मोकळं नव्हतं. मला दादाचा जीव वाचावा असं वाटत होतं आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं, दोन्ही सारख्याच जोरानं. पुढे कित्येक दिवस अन्न समोर आलं की तोच वास. तिथले डॉक्टर म्हणाले, पुन्हा असं झालं तर ही गोळी बंद करावी लागेल. तेव्हापासून रोज रात्री पोट साफ होण्याचं सरबत, आणि महिन्याला ह्या नव्या डॉक्टरकडे फेरी.

नवी डॉक्टर तरुण आहे, दात स्वच्छ, बोलणं उत्साहाचं. काल तिनं ह्या कॅप्सूल लिहून दिल्या. पोटाला बरं पडेल म्हणाली, आणि मनालाही कदाचित थोडी मदत होईल. मी विचारलं, बरा होईल? "तसं नाही हो," ती म्हणाली, "थोड्या लोकांवर करून पाहिलंय. काहींना जरासा फरक पडला, काहींना काहीच नाही. खात्री कोणीच देणार नाही. रात्रीची गोळी मात्र चालूच राहणार, ती सोडायची नाही." प्रामाणिक होती, हे मान्य. पण 'कदाचित' ह्या शब्दाचा मला आता उबग येतो. कोणी माशाचं तेल सांगितलं होतं, कोणी उपास, कोणी थंड पाण्याची आंघोळ, आणि दर वेळी आई तीच शिळी आशा गरम करून वाढायची आणि आम्ही ती खायचो. मी पिशवी उचलून उठत होते, तेवढ्यात डॉक्टरीण दादाकडे वळली. कागदाच्या मागच्या बाजूला तिनं आतड्यांची वेटोळी काढली, वाईट काढली, आणि म्हणाली, "काका, आपल्या सगळ्यांच्याच पोटात कोट्यवधी जीव राहतात. आणि पोटातून मेंदूला सारखे निरोप जात असतात, बरं का." लहान मुलाला गोष्ट सांगावी तसं सांगितलं तिनं. तिच्या लेखी ती एक मजेची माहिती होती. दादा हळूच माझ्याकडे वळला. मला वाटलं, आता जिंकल्यासारखा हसेल. तो हसला नाही. काचेचं भांडं उचलावं इतक्या जपून म्हणाला, "नकटे, ऐकलंस?"

काल रात्री जेवण झाल्यावर त्यानं स्वतः उठून फ्रिजमधून डबी काढली. कॅप्सूल दोन बोटांत धरून दिव्याकडे केली. "हिला साल आहे," तो खूश होऊन म्हणाला आणि गिळली. इतक्या वर्षांत कोणतंही औषध त्यानं आनंदानं घेतलेलं मी पाहिलं नव्हतं. मग मी नेहमीची गोळी पुढे केली. त्यानं पोटावर तळवा ठेवला. "आता नको." "का?" "ते आत्ताच आलेत. ह्या गोळीनं मी एवढा मोठा आडवा होतो. त्यांचं काय होईल?" माझ्या तोंडून सवयीनं गेलं, "दादा, पोटात कोणी नाही." बोलले आणि लगेच कळलं काय बोलले ते. तो "बरं" म्हणाला नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं, तसं त्यानं एकदाच पाहिलं होतं, आईकडे, तोंडात घास धरून. "खोटं बोललीस," तो म्हणाला. "डॉक्टरांसमोर ऐकलंस ना तू." गोळी बशीत तशीच राहिली. मी आत जाऊन पडले आणि संतापानं मला झोप आली नाही. जन्मभर ज्याला आम्ही नाही नाही म्हटलं, ते एका पोरसवदा बाईनं हसत हसत हो करून टाकलं होतं. आणि वर हा माणूस, ज्याला शेजारणीचा भरवसा नाही, नळाच्या पाण्याचा नाही, त्याची माया कुणावर बसावी तर जंतूंवर!

आज सकाळी कामावर माझे हात चालत होते आणि डोकं घरी होतं. एका चादरीत कोणीतरी अर्धवट खाल्लेलं मटण गुंडाळून ठेवलं होतं, तेलाचा डाग पार गादीपर्यंत गेला असणार. मी ती उघडी टाकून तशीच बघत राहिले. इस्त्रीवरची मावशी, जिला सगळं तळघर मावशीच म्हणतं, ओरडली, "अगं, मुहूर्त बघतेस की काय?" मी तिला सांगितलं. का सांगितलं माहीत नाही, मी सहसा सांगत नाही. ती आधी हसली. "माझा नवरा दोन पेले पोटात गेल्याशिवाय बोलत नाही. तुझ्या भावाचं पोट निदान फुकटात बोलतं." मग माझं तोंड बघून गंभीर झाली, जवळ आली, घामाचा आणि खळीचा वास आला. "दुधात विरघळव नि दे. पोटात गेल्याशी कारण. त्याच्याच भल्याचं आहे ना?" मी जिन्यात जाऊन डॉक्टरणीला फोन लावला. तिचा आवाज ह्या खेपेला उत्साहाचा नव्हता. "काल चुकली? मग आज जायलाच हवी. लागोपाठ दोन दिवस चुकली तर एकदम नेहमीचा डोस देता येत नाही. पुन्हा पहिल्यापासून, चिमूट चिमूट वाढवत न्यावी लागते. ॲडमिट करावं लागेल." मी विचारलं, ही गोळी त्या जंतूंना मारते का. "खरं सांगू? अशा औषधांचा त्यांच्यावर थोडाफार परिणाम होतो असं दिसतंय. किती, ते नीट माहीत नाही. पण तुम्ही काकांना नाही म्हणून सांगा ना. आत्ता तेवढंच महत्त्वाचं आहे." म्हणजे मावशी आणि डॉक्टरीण, दोघी एकच सांगत होत्या. एक दुधातून म्हणत होती, दुसरी शब्दातून.

मी अर्धी रजा टाकून निघाले. बसमध्ये समोरचा माणूस नखानं दात कोरत होता आणि कोरलेलं बघत होता. मला वाटलं, ह्याच्याही आत आहेत. माझ्या मांडीला मांडी लावून बसलेल्या बाईच्या आत आहेत, ड्रायव्हरच्या आत आहेत, आपण सगळी माणसं म्हणजे नुसती गाठोडी, वरून बांधलेली आणि आतून वळवळणारी. आणि आम्ही तरी बोलतो काय? चुका पोटात घालायच्या, गोष्टी पोटात ठेवायच्या, पोटात एक आणि ओठांत एक असायचं. सगळं कोंबायचं ते पोटातच, आणि दादा एकटा म्हणाला की माझ्या पोटात कोणीतरी आहे, तर त्याला धरून नळी घातली. मग ह्या विचाराचाही मला वीट आला. असले विचार करायला काय जातं? गोळी आज जायला हवी. दुधात घातली तर जाईल. एकदा जाईल. उद्या कळलं, आणि त्याला कळतं, तर तो पुन्हा अंडी उजेडात धरून बघेल, आणि ह्या वेळी माझ्या हातचं नको म्हणेल, आणि माझ्यामागे दुसरे हात नाहीत. तोंडानं खोटं बोललं तर? त्यात कचकच लागत नाही. नुसतं 'नाही मरत' म्हणायचं. दोन शब्द. ते दोन शब्द घोळवतच मी घराचा जिना चढले.

दादा स्वयंपाकघरात होता. खुर्ची ओढून फ्रिजला लावली होती आणि गुरं राखणाऱ्यासारखा बसला होता. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले, आणि डावा पाय एकसारखा हलत होता. हा पाय मी ओळखते. अकरा वर्षांपूर्वी तो असाच हलायचा.

"लवकर आलीस."

"हो."

"दार सारखं उघडू नकोस ह्याचं." मग थोड्या वेळानं, "आतला दिवा विझतो का गं, दार लावल्यावर?"

"विझतो."

"मग बरं. झोपत असतील."

मी कालची गोळी बशीसकट टेबलावर ठेवली, पाण्याचा पेला ठेवला आणि समोर बसले. म्हटलं, रात्रीची वाट बघत नाही, आत्ताच बोलते. आज ही गेली नाही तर इस्पितळ. मी घाबरवत नाहीये, जे आहे ते सांगतेय. तो म्हणाला, माहीत आहे. त्यानं हात मांड्यांखाली घातले.

"जुना सकाळपासून बोलतोय," तो म्हणाला.

इतक्या वर्षांत मी हा प्रश्न कधी विचारला नव्हता. "काय म्हणतो?"

"म्हणतो, तू दुधात घालशील."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. तळघरातली मावशी, तिचा घामाचा वास, आणि हा इथं खुर्चीत. "नाही घालणार," मी म्हटलं.

"मी त्याला तेच म्हटलं." पाय हलायचा थांबला, पुन्हा सुरू झाला. "नकटे, ह्या गोळीनं ते मरतात का?"

नाही म्हणायला जीभ टाळ्याला लागलीसुद्धा होती. किती सोपं होतं! डॉक्टरणीची परवानगी होती, भलं त्याचंच होतं, आणि जंतूच तर होते, माझ्यासारख्या बाईला जंतूंचं काय! पण तो माझ्या तोंडाकडे बघत होता. अंडं उजेडात धरून बघायचा ना, तसा.

"थोडे मरत असतील," मी म्हटलं. "किती, ते डॉक्टरणीलाही माहीत नाही. मला नाही म्हणून सांग म्हणाली होती."

त्यानं डोळे मिटले. झालं, मला वाटलं. संपलं. मी माझ्या हातानं त्याला इस्पितळात घातला. माझा मलाच इतका राग आला की ती बशी उचलून भिंतीवर फेकावीशी वाटली. असला सच्चेपणा काय चाटायचाय? आई खोटं बोलली, चुकली, पण निदान मुलगा जगावा म्हणून बोलली. मी कशासाठी खरं बोलले? माझा शब्द स्वच्छ राहावा म्हणून? चादरी निवडते तशी मी?

"तुझ्यात पण आहेत?" त्यानं डोळे न उघडता विचारलं.

"सगळ्यांत आहेत म्हणते ती."

"बोलतात?"

"नाही."

"बघू," तो म्हणाला आणि खुर्चीवरून उतरून माझ्यासमोर गुडघ्यांवर बसला.

दादानं मला शेवटचा हात कधी लावला होता ते आठवत नाही. आम्ही एकमेकांना लागू न देता ह्या दोन खोल्यांत राहायला शिकलो आहोत. त्यानं डोकं वाकवलं आणि कान माझ्या पोटावर ठेवला. डोकं जड होतं, ऊन होतं. पारोशा केसांचा वास आला, गोळीच्या घामाचा तो तांब्यासारखा वास आला, त्याच्या दाढीचे खुंट कापडातून टोचले, आणि मग त्याच्या ओठांच्या कोपऱ्यातून लाळ सुटली आणि माझ्या अंगावर ओल पसरत गेली, कोमट, हळूहळू, त्वचेपर्यंत. सगळं अंग आक्रसलं. मी खुर्चीची कड घट्ट धरली. त्याला ढकलून देऊ नये एवढ्या एकाच गोष्टीवर मी सगळा जीव लावला होता. सकाळपासून पोटात अन्न नव्हतं. आतून एक लांबलचक, निर्लज्ज गुरगुर झाली, वरून खाली घरंगळत गेली, आणि मला माझ्याच शरीराची इतकी घाण वाटली की डोळ्यांत पाणी आलं. तो हलला नाही. कचेरीत नकाशावर वाकायचा तसा वाकून, श्वास धरून ऐकत होता.

"राहतात," तो शेवटी म्हणाला. कान तसाच होता. "पण बोलत नाहीत. नुसते राहतात."

"हो."

"माझ्यातला बोलतो."

मी दात घट्ट मिटून घेतले. पोटात कोणी नाही, हे वाक्य तोंडात उभं होतं. ते मी गिळलं.

"म्हणजे तो ह्यांच्यातला नाही," दादा म्हणाला. डोकं उचलून त्यानं माझ्याकडे पाहिलं. गालावर माझ्या कपड्याची शिवण उमटली होती. "नकटे, तो मग कोण गं?"

"मला माहीत नाही, दादा. तो आजार आहे म्हणतात."

"आणि गोळी त्याच्यासाठी आहे."

"त्याच्यासाठी."

"आणि मरायचे ह्यांनी."

"थोड्यांनी. उद्या सकाळी नवे घालू. रोज घालू."

तो बराच वेळ गोळीकडे बघत बसला. पट्टी लावायच्या आधी, रेघ कुठून काढायची ते ठरवताना तो असा बसायचा. मग "बिचारे" म्हणाला आणि गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायला, जीभ वर करून दाखवली. मी बघितलं. जिभेखाली काही नव्हतं.

मी उठून न्हाणीघरात गेले. घाईनं, जवळजवळ धावतच. अंगातला कुडता काढला, नळाखाली धरला आणि पोटावरची ती ओल साबणानं खसाखसा घासायला लागले. लाळेला थंडच पाणी लागतं, गरम लावलं तर डाग बसतो. गोळी गेली ह्याचा आनंद कुठे होता कोण जाणे, मला नुसतं घासायचं होतं. दार नीट लागलेलं नव्हतं. नळ बारीक केला तेव्हा स्वयंपाकघरातून दादाचा आवाज आला. आजपर्यंत हा आवाज आला की मी जिथं असेन तिथून ओरडत आले आहे. आज मी नळ बंद केला. तो हळू बोलत होता, खाली मान घालून बोलावं तसा.

"ती माझी बहीण," तो सांगत होता. "आत्ता कपडे धुतेय. तिला तुमची किळस येते. माझीही येते. पण खोटं बोलत नाही ती."